पडद्याकडे पाठ

मेष्ट्रु असते तर या लेखाचा पहिला परिच्छेद त्यांनी कात्रीने उडवून दिला असता. कोण, कुठला, कधीचा हे आधी सांगत बसणारा माणूस त्यांच्या लेखी अडाणी. आधी दार वाजवायचं, दार कुणाचं ते मागाहून सांगायचं, हा त्यांचा नियम. मी मात्र मुद्दाम सरळ सांगणार आहे. त्यांच्या युक्तीने सांगायला गेलो तर तुम्ही गुंतून पडाल, आणि त्या युक्तीने माणसं गुंतवण्यात माझे हात एकदा चांगलेच पोळले आहेत.

म्हैसूरला तेव्हा महाराजांचं राज्य होतं आणि तिकडे समुद्रापलीकडे मोठी लढाई चालली होती. मार्केटच्या अलीकडच्या मैदानावर एक तंबू उभा असे आणि त्यात संध्याकाळी हलती चित्रं दाखवत. चित्रं मुकी, पण तंबू मुका नव्हता. पुढे जमिनीवर बसलेली माणसं, मागे बाकांवर बसलेली माणसं, रडणारी पोरं, आणि या सगळ्यांतून सोड्याच्या बाटल्या घेऊन ओरडत फिरणारा सोडावाला. तंबू एका व्यापाऱ्याचा होता. मशीन चालवायचं, तुटलेली फीत जोडायची आणि जमेल तेव्हा स्वतः चित्र काढायचं, हे काम मेष्ट्रुंचं. कुठल्याशा शाळेत त्यांनी कधी काळी चार महिने ड्रॉइंग शिकवलं होतं. तेवढ्यावर 'मेष्ट्रु', म्हणजे कन्नडात मास्तर, हे नाव त्यांना जन्माचं चिकटलं. त्यांनी ते वर्षसुद्धा पुरं केलं नव्हतं.

आमच्या घरी ते पहिल्यांदा आले तेव्हा माझे वडील कोपरापर्यंत रंगात होते. आम्ही रंगारी. अग्रहाराच्या मागच्या गल्लीत आमचं अंगण, तिथे भट्ट्या, पिंपं आणि दोरीवर वाळणारी लुगडी. एक उंच, किडकिडीत माणूस भर उन्हाळ्यात काळा कोट घालून दारात उभा राहिला आणि नमस्कार नाही, नाव नाही, एकदम म्हणाला, "म्हणून ती बाई विहिरीकडे गेली."

वडिलांनी मान वर केली. कुठली बाई, असं विचारलं. "बघा," मेष्ट्रु म्हणाले, "आता तुम्ही मला बसायला सांगणार." वडिलांनी खरोखरच पाट सरकवला. त्या बाईचं पुढे काय झालं ते मात्र वडिलांना मरेपर्यंत कळलं नाही. पुढे ते अधूनमधून विचारत आणि मेष्ट्रु हसून विषय बदलत. मला वाटतं, बाई नव्हतीच. विहीरही नसावी.

त्यांचं आमच्याकडे काम होतं ते रंगाचं. त्या काळी चित्राची काळी-पांढरी फीत रंगाच्या पाण्यात बुडवून काढत. रात्र दाखवायची तर निळी, दिव्याचा उजेड असेल तर पिवळी, आग लागली की तांबडी. मेष्ट्रु स्वतः रंगवायला जात आणि निळ्यावर डाग पडत. लढाईमुळे जर्मनीचे रंगाचे डबे यायचे बंद झाले होते, लुगड्यांचं काम निम्म्यावर आलं होतं, मी बावीस वर्षांचा आणि रिकामा. वडिलांनी मला त्यांच्याकडे लावून दिलं. देताना एवढंच म्हणाले, "रंग दे. घरातलं आणखी काही देऊ नको." वडिलांना माणसं कळत. मला तेव्हा फक्त रंग कळत होते.

मेष्ट्रुंना चित्राची फक्त सुरुवात आवडे. हे मी थट्टेने म्हणत नाही. खेळ सुरू झाला की ते मशीनवर दुसऱ्याला बसवत, पुढे पडद्याजवळ जाऊन पडद्याकडे पाठ करून उभे राहत आणि माणसांचे चेहरे बघत. त्यांची परीक्षा एकच. सोडावाला कधी गप्प होतो? तो रोज दोन खेळ बघणारा, चित्रांना विटलेला माणूस. तो ओरडायचा थांबला, हातातली बाटली न फोडता वळून पडद्याकडे बघू लागला, की मेष्ट्रुंच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरे की काय सांगावं. मग ते तंबूच्या कापडाखालून वाकून बाहेर पडत. पुढचा दीड तास काय होतं याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. शेकडो चित्रं त्यांच्या हाताखालून गेली, त्यातल्या एकाचाही शेवट त्यांनी पाहिला नव्हता.

दुसऱ्यांच्या चित्रांच्या सुरुवातीही त्यांना बघवत नसत. मुंबईहून भाड्याने आलेलं चित्र पेटीतून काढलं, की पहिलं काम म्हणजे नावांच्या पाट्या कापून टाकायच्या. "नावं वाचताना लोक शेजाऱ्याशी बोलतात," ते म्हणत. मग घर, मग गाव, मग राजाचा दरबार, ही सगळी हळूबाई सुरुवात काढून मधलंच काहीतरी उचलून पुढे चिकटवायचं. एकदा एका गोऱ्यांच्या चित्रातली आगगाडी त्यांनी तिसऱ्या भागातून काढून अगदी पहिल्याप्रथम लावली. दिवे मालवले आणि काही कळायच्या आत गाडी थेट अंगावर. पुढच्या रांगेतली माणसं उठून मागच्यांच्या मांडीवर पडली. सोडावाल्याच्या हातून बाटली सुटली. मात्र तिसऱ्या भागात हिरो रुळावर येऊन उभा राहिला तेव्हा गाडी आलीच नाही. हिरो वाट बघतोय, लोक वाट बघतायत. लोकांनी बाकं वाजवायला सुरुवात केली. व्यापारी धावत बाहेर आला तर मेष्ट्रु मैदानावरच्या एका चिंचेखाली विडी ओढत उभे. ती गाडी मघाशीच येऊन गेली, असं त्यांनी शांतपणे सांगितलं.

आम्ही हसायचो. मीही पोट धरून हसायचो, ते कबूल करतो. या माणसाच्या कपाटात पन्नासेक पुस्तकं होती आणि प्रत्येकाची फक्त पहिली दहा-बारा पानं. बाकीची फाडून ते रद्दीत देत. जेवायला बसले की प्रत्येक पदार्थाचा पहिला घास मिटक्या मारून खात आणि उरलेलं पानात टाकून उठत. बोलता बोलता मध्येच निघून जात, निरोप म्हणून कधी घेतला नाही. त्यांची बायको माहेरी बेट्टदपुरला राहायची. एकदाच आली होती, डोंगरावरच्या देवळाचा प्रसाद घेऊन. मेष्ट्रु घरी नव्हते. ती आमच्या ओसरीवर बसली, आईशी बोलली आणि जाताना कोरडेपणाने म्हणाली, "यांना पहिले पंधरा दिवस कोणपण आवडतं, अक्का. मला पण सोळा दिवस ठेवलं होतं की." आई हसली. ती बाई हसली नाही.

आणि तरी त्या माणसाला कसब होतं, हे मी नाकारणार नाही. दसऱ्याची मिरवणूक टिपायला आलेला एक गोरा तापाने आजारी पडला आणि जाताना आपली लाकडी पेटी, म्हणजे चित्र घ्यायचं यंत्र, मागे सोडून गेला. ते मेष्ट्रुंनी पटकावलं. तिपाईवर पेटी, बाजूला दांडा, दांडा हाताने फिरवायचा. वेग चुकू नये म्हणून ते फिरवताना ओठांत एक भजन म्हणत. पूर्वी नाटकमंडळीत पडदे रंगवताना ते जे शिकले होते, ते सगळं त्यांनी त्या पेटीने करून पाहिलं. चेहरा दाखवायच्या आधी नुसता हात दाखवायचा, म्हणजे लोक हाताचा मालक शोधतात. पहिल्या चित्रात उत्तर द्यायचं नाही, प्रश्न ठेवायचा. डब्याच्या झाकणाला भोक पाडून ते भिंगासमोर लांब धरायचं आणि हळूहळू जवळ आणायचं, की काळ्या अंधारात एक गोल उजेड उघडत जातो आणि बघणाऱ्याची मान आपोआप पुढे येते. हे त्यांनी मला समजावून सांगितलं तेव्हा मी तोंडात बोट घातलं होतं. अशा सात सुरुवाती त्यांनी काढल्या. त्या सातांना पुढे काहीच नव्हतं. भाड्याच्या चित्राआधी ते त्यातली एखादी लावत, लोक पुढे काय म्हणून ओरडत, आणि तेवढ्यात भलतंच चित्र सुरू होई. मी त्यांना विचारलं तर म्हणाले, "पुढचं कुणीपण करील रे."

आता काकूंबद्दल सांगितलं पाहिजे.

आमच्या अंगणासमोर काकूंचं घर होतं. त्या नात्याच्या नव्हेत, पण आई त्यांना वहिनी म्हणे म्हणून आम्हाला काकू. जुन्या लष्करातलं मराठा घराणं, सासरा घोडदळात, नवरा घोडदळात. नवरा वारला तेव्हा मुलगा तीन वर्षांचा. तो मुलगा म्हणजे यशवंत, गल्लीतला माझा जोडीदार. तोही बापजाद्यांच्या रिवाजाने घोडदळात गेला आणि लढाई सुरू झाल्यावर त्यांची तुकडी बोटीतून मिसरकडे, म्हणजे इजिप्तला, रवाना झाली. काकूंना वाचता येत नसे. यशवंतचं पत्र आलं की मी वाचायचं, उत्तर मी लिहायचं. पत्राला त्या कागद म्हणत. रोज दुपारी बारा-साडेबाराला टपालवाल्याची वेळ झाली की त्या दाराच्या चौकटीला एक हात लावून उंबऱ्यावर उभ्या राहत. तो गल्लीतून निघून गेला की आत जात. पाऊस असो, ताप असो, यात दोन वर्षांत खंड नव्हता.

त्यांच्या देवघरात एक फोटो होता. लग्नानंतर वर्षाने नवरा त्यांना फोटोच्या दुकानात घेऊन गेला होता. तिथे मानेमागे लोखंडी टेकू लावून दोघांना बसवलं आणि आय्तु, म्हणजे झालं, असं म्हणेपर्यंत हलू नका म्हणून बजावलं. काकू हलल्या नाहीत. नवऱ्याला शिंक आली. फोटोत काकू स्वच्छ बसलेल्या आणि शेजारी फेटा बांधलेला एक माणूस, ज्याच्या चेहऱ्याच्या जागी नुसता पांढुरका फराटा. पुन्हा काढू म्हणता म्हणता तो वारला. यशवंतला बापाचा चेहरा आठवतच नव्हता. "जरा हलले की माणूस जातं बघ," काकू तो फोटो पुसताना म्हणत.

हे मेष्ट्रुंना मी सांगितलं. माझ्या तोंडाने सांगितलं.

आठव्या सुरुवातीसाठी त्यांना एक आई हवी होती. मुलगा लढाईवर गेलेला, दारात तार येते, आईचा चेहरा. बस. त्या वेळी बाया कॅमेऱ्यासमोर येत नसत, म्हणून त्यांनी नाटकात बायकांची कामं करणारा एक माणूस आणला. त्याने तार ऐकून असा ऊर बडवला की तंबू हसून हसून लोळला आणि सोडावाल्याने त्या एका खेळात सगळ्या बाटल्या खपवल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी मेष्ट्रु आमच्या अंगणात फीत वाळत घालत होते. टपालवाल्याची वेळ झाली आणि समोर काकू येऊन उभ्या राहिल्या. ऊन सरळ उंबऱ्यावर होतं. मेष्ट्रुंच्या हातातली फीत मातीत पडली तरी त्यांना कळलं नाही.

त्यांचा बेत त्यांनी मला त्याच दिवशी सांगितला. काकूंना सांगायचं की यशवंतला पाठवायला फोटो काढतो. मग त्या उभ्या असताना मी तार घेऊन जायचं आणि वाचायची. मी हबकलो, पण नाही म्हटलं नाही. मी म्हटलं, चित्र मुकं आहे, मी नुसते ओठ हलवतो. ऐकू कुणाला येणार आहे?

"लोकांना ऐकू यायचं नाही," मेष्ट्रु म्हणाले. "तिला यायला पाहिजे."

नंतर लगेच खरं सांगू, मोजून अर्ध्या मिनिटाचं काम, मुलगा जिवंत आहे कळल्यावर तिला आनंदच होईल की, असं बरंच काही ते बोलले. मी ऐकत गेलो. मला फसवलं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगून पाहिलं. ते खोटं आहे. मला सगळं माहीत होतं. त्या माणसाने मला निवडलं, माझ्यावाचून हे होणार नाही म्हणाला, याची मला धुंदी चढली होती. त्या पंधरवड्यात मी त्यांचा आवडता होतो.

फोटोचं ऐकून काकू हरखल्या. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसल्या, नथ घातली. येशाला आईचा चेहरा तरी नीट दिसू दे, म्हणाल्या. मेष्ट्रुंनी पेटी गल्लीपलीकडच्या चिंचेखाली लावली. आमचीच दोन पांढरी धोतरं बांबूला ताणून अशी धरवली की उन्हाची तिरीप उलटून काकूंच्या तोंडावर पडावी. वडील त्या दिवशी सूत आणायला बाजारात गेले होते, ते बघूनच दिवस ठरवला होता. मेष्ट्रुंनी काकूंना चौकटीला हात लावून उभं केलं आणि बजावलं, "अम्मा, मी सांगेपर्यंत हलायचं नाही." काकूंनी हसून मान डोलावली. त्यांना हे शिकवायची गरज नव्हती.

दांडा फिरू लागला. आधी झाकणाच्या भोकातून नुसता हात, मग हळूहळू गोल उघडत चेहरा. मेष्ट्रुंनी मला बोट केलं. मी तारेचा कागद घेऊन गेलो, काकूंच्या समोर पण जरा बाजूला उभा राहिलो, जसं ठरलं होतं तसं. आणि वाचलं. यशवंत लढाईत पडला, असं वाचलं.

काकू हलल्या नाहीत.

मला वाटलं, ऐकलं नसेल. मी पुन्हा वाचलं. हे ठरलेलं नव्हतं, मीच केलं. चौकटीवरच्या हाताची बोटं पांढरी पडली, पण हात सुटला नाही. डोळे पेटीवर तसेच. पापणी नाही, मान नाही, नथीचा मोतीसुद्धा हलला नाही. डोळ्यांत पाणी भरत आलं आणि काठाशी येऊन थांबलं, जणू त्यालाही कुणी बजावलं होतं. मागे मेष्ट्रुंचं भजन चालू, दांडा चालू. मग ओठ न हलवता, दातांच्या फटीतून आल्यासारखा काकूंचा आवाज आला.

"हलू का आता?"

मी मेष्ट्रुंकडे बघितलं. त्यांनी मानेने नाही म्हटलं. फीत संपेपर्यंत त्यांनी दांडा फिरवला, मग आय्तु म्हणाले. काकू खाली बसल्या. मी पाय धरले, खोटं आहे, काकू, सगळं खोटं आहे, चित्रासाठी केलं, असं पुन्हा पुन्हा सांगत राहिलो. त्यांना समजायला वेळ लागला. रागावतील, मारतील, असं मला वाटत होतं. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी पदराने डोळे टिपले आणि विचारलं, "फोटो बिघडलं नाही की रे?"

त्या का हलल्या नाहीत, यावर मी आयुष्यभर विचार केला आहे. नुसती सवय म्हणावं, तर तेवढं नव्हतं ते. मला वाटतं, त्यांना वाटलं असावं की हललं तर हाही जाईल, त्याच्या बापासारखा. आपण हललो नाही तोवर ते खरं झालेलं नाही.

ती फीत मी रंगवली. पिवळी. तीनदा पाणी बदलून बघितलं, दुपारच्या उन्हाचा नेमका रंग येईपर्यंत. काम उत्तम झालं आणि मला त्याचा अभिमान वाटला, तेही लिहून ठेवतो.

तंबूत ती लागली तेव्हा काय झालं ते म्हैसुरातल्या जुन्या लोकांना अजून आठवत असेल. पाटी नाही, नाव नाही. काळोखात एक हात. मग उजेडाचा गोल, आणि भिंतीएवढा तो चेहरा, ज्यावर काहीच होत नाही. तार वाचणारा माणूस कडेला पाठमोरा, त्याचा नुसता खांदा दिसतो. सगळा तंबू श्वास रोखून बसला. ही रडत का नाही? सोडावाला बाटल्यांची टोपली खाली ठेवून उभा राहिला, आणि खरं सांगायचं तर तो रडला. मेष्ट्रु पडद्याकडे पाठ करून त्याच्याकडे बघत होते. ते इतके आनंदी मला कधीच दिसले नव्हते. पुढे महिनाभर हूटगळ्ळीहून, त्याच्याही पलीकडच्या खेड्यांतून लोक बैलगाड्या जुंपून त्या न रडणाऱ्या बाईला बघायला येत होते आणि बघून झाल्यावर पुढचं भाड्याचं चित्र न बघताच परत जात होते.

ही गोष्ट काकूंच्या कानावर नळावर आली. त्यांनी मला बोलावून विचारलं. आवाजात राग नव्हता, खरोखर कोडं पडलं होतं त्यांना. "तंबूत मी हलत्ये म्हणतात लोक. हलतं चित्र म्हणे. मी तर हलले नव्हते की रे."

यशवंतला पाठवायचा फोटो कधी निघालाच नाही. काकू प्रत्येक पत्राच्या शेवटी लिहायला लावत की फोटो येतोय, मेष्ट्रु करतायत. मी मेष्ट्रुंमागे लागलो. पहिल्यांदा हो म्हणाले, दुसऱ्यांदा बघू म्हणाले, तिसऱ्यांदा त्यांना आठवेना की कसला फोटो. तेव्हा माझा तोल गेला. तंबूच्या मागे मी त्यांना नाही नाही ते बोललो. त्या बाईच्या जिवाशी खेळलात, म्हटलं, आणि एक कागदाचा तुकडा तुमच्याच्याने होत नाही. ते शांतपणे ऐकत होते. मग विचारलं, "ते चालू असताना कोणी सोडा प्यालं का?"

कुणीच नाही, मी म्हटलं.

"मग झालं तर," ते म्हणाले. "अजून थोडी फीत असती तर ते पाणी गालावर आलं असतं बघ. पण तेवढ्यात..." आणि वाक्य अर्धं टाकून निघून गेले. त्यानंतर ते मला दिसले नाहीत. दोन दिवसांनी कळलं की पेटी आणि त्या आठ सुरुवाती घेऊन ते गाव सोडून गेले. कुणी म्हणे मद्रासला, कुणी म्हणे मुंबईला. बेट्टदपुरला नक्कीच नाही. त्यांचा शेवट कसा झाला ते मला माहीत नाही आणि जाणून घ्यायची इच्छाही नाही. त्यांना स्वतःला तरी तो कुठे बघवला असेल?

माझं मात्र पुढे होतं, काकूंच्या दारासमोर. पत्रं मीच वाचत होतो, वाचणारं दुसरं कुणी गल्लीत नव्हतं. फरक एवढाच पडला की आता पत्र हातात देताना काकू दर वेळी म्हणत, "आहे तेच वाच हं." आणि यशवंत ठीक आहे, खजूर खातो, घोडा चांगला आहे, असं मी वाचलं की माझ्या तोंडाकडे बघत राहत, कागदाकडे नाही.

मेष्ट्रु गेल्यावर दोन-अडीच महिन्यांची गोष्ट. दुपारची तीच वेळ. टपालवाल्याच्या आधी सायकलवरून तारवाला आला. काकू दारात होत्याच. त्यांनी अंगणातल्या मला हाक मारली. मी रंगाचे हात धोतराला पुसत गेलो, तार फोडली, इंग्रजी होती. एकदा वाचली, दोनदा वाचली. काकू माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मग जे होतं तेच मी वाचलं. या वेळी शब्द वेगळे होते, गावाचं नाव होतं, तुकडीचं नाव होतं, यशवंतचं पुरं नाव होतं. मतलब मी मागे वाचला तोच.

काकूंनी माझ्यावरून नजर काढली आणि गल्लीपलीकडे चिंचेखाली बघितलं. तिथे काही नव्हतं. त्यांनी चिंचेच्या इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आमच्या अंगणातल्या वाळणाऱ्या लुगड्यांमागे बघितलं. पेटी कुठे लपवली आहे ते शोधत होत्या. मग पदर सारखा केला, एक हात चौकटीला लावला, समोर नजर ठेवली आणि दगडासारख्या उभ्या राहिल्या. तारवाला सहीसाठी कागद पुढे धरून थांबला होता.

"काकू," मी म्हटलं, "खरं आहे."

त्या हलल्या नाहीत. ओठ न हलवता त्यांनी विचारलं, "हलू का आता?"

एवढंच म्हणायचं होतं, हला म्हणून. ऊन उंबऱ्यावरून उतरून गल्लीत गेलं तरी मला ते म्हणता आलं नाही.